वाढत्या अंगाचे बूट

माझे दोन पाय एकसारखे नाहीत. उजवी पोटरी भरलेली आहे आणि डावी तिच्याशेजारी कुणा शाळकरी पोरीची आणून लावल्यासारखी दिसते. आज हे वाक्य मी सरळ लिहून मोकळी होते, पण आमच्या घरात ते उच्चारायला फार काळ गेला. ते उच्चारलं गेलं ते परदेशातून मागवलेल्या घोडेस्वारीच्या बुटांमुळे.

घोड्यावर मला आप्पांनी बसवलं. आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं घर कोल्हापूरच्या कडेला, कागलकडं जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. दारात दोन म्हशी, मागं थोडा ऊस, आणि माझ्या लहानपणी एक घोडीही होती. तरुणपणी आप्पा घोडागाडीच्या शर्यतीत गाडी हाकायचे. लग्नानंतर आईनं शर्यती बंद करायला लावल्या, पण घोडी विकायला लावणं तिला जमलं नाही. गल्लीतल्या बायका आप्पांना विचारायच्या, पोरीच्या जातीला घोड्यावर कशाला बसवता? आप्पा म्हणायचे, "मग काय गाढवावर बसिवतो." एवढ्यावर तो विषय संपायचा.

पुढं मी तेच काम धरलं. नदीपलीकडच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मुलांना शिकवायला लागले. पगार सांगण्यासारखा नव्हता, पण सकाळी उठून जावंसं वाटेल अशी नोकरी किती जणांना मिळते? मला मिळाली होती. मग एका सकाळी ओल्या मैदानात घोडा घसरून कुशीवर पडला आणि माझा डावा पाय त्याच्याखाली सापडला. घोडा उठून उभा राहिला, मी राहिले नाही. हाडं जुळली. गुडघ्याच्या मागची नस मात्र पुरती जुळली नाही. पाऊल हळूहळू हलायला लागलं, काठी सुटली, जिना चढता यायला लागला. पण प्लास्टर काढलं तेव्हा आतून जी पोटरी निघाली ती माझी नव्हती. तेव्हा तिचं माप एकतीस सेंटीमीटर भरलं होतं. तो आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला.

तेव्हापासून आप्पांनी तो पाय हातात घेतला. रोज सकाळी म्हशींच्या धारा काढून झाल्या की ते तिळाचं तेल कोमट करून वाटीत घेऊन यायचे आणि माझ्या पलंगाच्या कडेला स्टूल ओढून बसायचे. सुरुवातीला मी पाय मागं घ्यायची. बापानं पोरीचे पाय चोळायचे, हे मला कसंतरीच वाटायचं. आप्पा चिडायचे. "म्हशीची कास चोळतो, घोडीचं पाय चोळलं, तुझा काय सोन्याचा लागून गेला?" असं म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, वर वर, रग लागेपर्यंत चोळत राहायचे. धार काढून त्यांचे हात ऊन झालेले असायचे. शेवटी पोटरी मुठीत धरून बघायचे आणि दर खेपेला एकच म्हणायचे, "भरतीय. भरतीय हळूहळू."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. मी स्वतः त्या पायाकडं बघायचीच नाही. आंघोळीला गेले तरी नजर बादलीवर ठेवायची.

रायडिंग स्कूलचे सर भले माणूस. त्यांनी माझी जागा भरली नव्हती. पण पुन्हा खोगिरावर बसले तेव्हा खरी अडचण कळली. घोड्याला लगामापेक्षा पोटरीनं जास्त सांगायचं असतं. जुन्या बुटाच्या नळीत माझा डावा पाय घंटेतल्या लोळीसारखा हलायचा. मी इकडून सांगायची आणि घोड्यापर्यंत काही पोचायचंच नाही. रिकिबीत पाऊल फिरायचं. तयार मिळणारे बूट सगळे पाहिले. दोन्ही नळ्या एकाच मापाच्या. नळीत फडकं गुंडाळून पाहिलं, तर ते घसरून घोट्यात गोळा व्हायचं. सर म्हणाले, "पायात बसणारे बूट मिळव, दिवाळीनंतर मुलांची तुकडी तुझ्या हवाली करतो. पण पाय असा सुटा राहिला तर मुलांसमोर उभी करणार नाही. तूच पडशील." ते बरोबर होते. म्हणजे आता सगळं त्या बुटांवर आलं होतं.

मग इंटरनेटवर एक दुकान सापडलं. दुकान इंग्लंडात, बूट शिवले जाणार पोर्तुगालमध्ये, आणि प्रत्येक पायाची नळी वेगळ्या मापानं. तिथल्या बाईंशी ईमेलवर बोलणं झालं. त्यांनी माप घेण्याच्या सूचना पाठवल्या. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. घोड्यावर बसताना घालतो ती विजार आणि तेच मोजे घालायचे. खुर्चीत ताठ बसायचं, दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, गुडघे काटकोनात. स्वतः वाकून माप घ्यायचं नाही, दुसऱ्या कुणाकडून घ्यायचं. आणि ठळक अक्षरात लिहिलं होतं की मापात स्वतःच्या मनानं काही कमी करू नका, काही वाढवू नका. चामडं किती सैल होतं ते आमचं आम्ही बघतो.

मी हे सगळं आप्पांना मराठीत वाचून दाखवलं. आप्पांनी मान डोलावली. आईनं शिलाई मशीनच्या खणातून टेप काढून दिली.

कोल्हापुरात चामड्याबद्दल कुणाला काही शिकवायला जाऊ नये. आमच्याकडं चप्पल घेताना पायात सहज गेली तर ती माणूस परत ठेवतो. अंगठा कळवळला पाहिजे, टाच अर्धा बोट बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे मग चार आठवड्यांत ती पायाची होते. हे आम्हाला पाळण्यात कळतं. त्या ठळक अक्षरांवर आप्पा एवढंच म्हणाले, "त्येनला काय कळतंय चामड्यातलं?" मी हसले आणि विसरून गेले.

मी खुर्चीत ताठ बसले, मोबाइल हातात. आप्पा चष्मा लावून खाली उकिडवे बसले. आधी उजवा पाय घेतला. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखलं, मग घोटा, गुडघ्याखाली, टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत. आप्पा आकडा सांगायचे, मी मोबाइलवर भरायची. उजवी पोटरी, छत्तीस. मग डावा. डाव्या पोटरीला ते थांबले. टेप गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"चौतीस," आप्पा म्हणाले.

"किती?"

"चौतीस म्हटलं की. ऐकू येत न्हाय व्हय?"

मला वाटलं, मी आता खुर्चीतच रडणार. एकतीसची चौतीस! आप्पांच्या तेलानं, त्यांच्या हातानं, त्या रोजच्या 'भरतीय'नं खरोखर पोटरी भरली होती. मी आईला हाक मारून सांगितलं. आई पदराला हात पुसत आली, तिनं एकदा माझ्याकडं आणि एकदा आप्पांकडं पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला. मी सरांना फोन केला, दिवाळीनंतर नक्की येते म्हणून. आप्पांनी शिरा खाल्ला, खाली मान घालून, आणि म्हशींना वैरण टाकायची राहिली म्हणून उठून गेले. वैरण मघाशीच टाकून झाली होती, हे मला नंतर आठवलं.

दोन दिवसांत दुकानातल्या बाईंचा निरोप आला. डाव्या-उजव्यात फरक दिसतो, तरी माप बरोबर आहे ना, एकदा कळवा. मी गोठ्यात जाऊन आप्पांना विचारलं. ते शेण भरत होते. वर न बघता म्हणाले, "व्हय, बरोबर हाय. लिही." मी लिहिलं. शिवून यायला बराच अवधी लागेल, असं बाईंनी कळवलं होतं. तेही आप्पांना सांगितलं. "लागूदे," ते म्हणाले. "घाई न्हाय. सावकाश येऊदेत."

त्या दिवसांत आप्पांनी मालिश दुप्पट केली. सकाळची होतीच, आता संध्याकाळचीही सुरू झाली. तेलात काहीबाही पाला उकळून घालू लागले, पेठ वडगावच्या बाजारातून कुणी सांगितलेली मुळी घेऊन आले. माझ्या ताटात दुधाचा पेला वाढला, सकाळी भिजवलेले बदाम आले. मी कुरकुरले की म्हणायचे, "गप खा. बूट यायच्या आत भरला पायजे." चौतीस झालीच आहे, आता छत्तीसची हाव सुटली आहे, असं मला वाटलं. आप्पांची हाव मला फार गोड वाटली.

बूट आले ते भर दुपारी. कुरिअरवाला दारात उभा राहून "पावणं, सही करा," म्हणून ओरडला आणि एवढं मोठं खोकं ओट्यावर ठेवून गेला. चामड्याचा वास घरभर झाला. काळे, गुडघ्यापर्यंतचे, मागं चेन असलेले बूट. इतकी चांगली वस्तू आमच्या घरात त्याआधी कधी आली असेल असं वाटत नाही. आईनं आधी त्यांना हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, अगं, पायात घालायचे आहेत. ती म्हणाली, "गाडीला लावतो की. ह्येला लावलं तर काय झालं?"

आधी उजवा चढवला. चेन पोटरीच्या अर्ध्यावर जाऊन अडली. श्वास रोखून, दात-ओठ खाऊन ओढली, तेव्हा कशीबशी वर गेली आणि पायाला मुंग्या आल्या. मग डावा घातला. त्याची चेन एका दमात वरपर्यंत गेली, आणि नळीत माझा हात मनगटापर्यंत सहज जाईल एवढी जागा मोकळी राहिली. मी उभी राहिले, चालले. डावीकडून तोच जुना आवाज आला, चामड्यात पाय हलल्याचा.

आप्पा दारात उभे होते. टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली आणि बाहेर निघून गेले.

माझं डोकं लवकर फिरतं, हे माझ्या ओळखीचे सगळे सांगतील. मी त्या बाईंना असा काही ईमेल लिहिला की इंग्रजी येत होतं तेवढं सगळं खर्ची पडलं. दोन मापंसुद्धा धड पाळता येत नाहीत, लांबच्या गिऱ्हाइकाला काहीही खपवता येतं असं वाटतं का, वगैरे. बाईंचं उत्तर शांत होतं. बूट तुम्ही दिलेल्या मापाप्रमाणेच आहेत. कृपया पुन्हा माप घ्या, टेप पायावर असतानाचा फोटो पाठवा. चूक कुणाचीही असो, आम्ही नळ्या दुरुस्त करून देऊ.

आप्पा शेतात होते. आई शेजारी गेली होती. मी म्हटलं, यांच्या तोंडावर फोटोच फेकते. आरशाकडं पाठ करून, मान वळवून, मी स्वतः टेप लावली. उजवी पोटरी सदतीस भरली.

डावी एकतीस.

पुन्हा लावली. टेप सैल केली, तिरकी केली. एकतीसच.

मी खुर्चीत बसून राहिले. त्या वेळी माझ्या मनात आप्पांचा संशयसुद्धा आला नाही. माझ्या मनात एकच आलं: पाय वाळतोय. चौतीस झालेला पाय बूट येईपर्यंत पुन्हा एकतीसवर आला. आणि उजवा वाढतोय, कारण सगळा भार तोच घेतोय. म्हणजे हे असंच चालू राहणार. आज पोटरी गेली, उद्या ताकद जाणार, मग काठी, मग पलंग. तुकडी, मुलं, घोडे सगळं संपलं. मला एवढी भीती घोडा अंगावर पडला तेव्हाही वाटली नव्हती, कारण ते घडून गेल्यावरच कळलं होतं. हे मात्र डोळ्यांसमोर घडतंय असं वाटत होतं. फोटो काढायचा राहूनच गेला.

कुणाला न सांगता मी डॉक्टरांकडं गेले. माझं ऑपरेशन केलेले तेच डॉक्टर. त्यांनी मला पालथी झोपवलं, पोटरी अंगठ्यानं दाबली, पाऊल त्यांच्या तळहातावर जोर लावून ढकलायला सांगितलं. मी सगळा जीव लावून ढकललं. ते म्हणाले, "छान. ताकद चांगली आली आहे."

मी म्हटलं, "पण वाळतोय ना? चौतीस होती, एकतीस झाली."

ते चष्म्यावरून बघायला लागले. "चौतीस कधी होती?"

मी उठून बसले.

"पोटरी होती तेवढीच आहे. कमी नाही झाली, वाढली नाही. नस जेवढी जुळायची तेवढी जुळली. तुमचे वडील आले होते ना उन्हाळ्यात, एकटेच. त्यांना मी सगळं समजावून सांगितलं होतं. पोटरी आता भरणार नाही, पण आहे त्या पायानं चालायला, घोड्यावर बसायला काही हरकत नाही. सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं," मी म्हणाले.

बाहेर येऊन मी स्कूटरवर बसले. भीती गेली होती, पाय वाळत नव्हता. पण भीती जाऊन जी जागा रिकामी झाली तिथं संताप येऊन बसला. उन्हाळ्यापासून त्यांना माहीत होतं. उन्हाळ्यापासून रोज सकाळी माझी पोटरी मुठीत धरून तो माणूस 'भरतीय' म्हणत होता. मी शिरा खाल्ला होता, सरांना फोन केला होता, त्या परक्या बाईला नाही नाही ते लिहिलं होतं. घरी जाऊन काय काय बोलायचं ते रस्ताभर मोठ्यानं बोलत आले. सिग्नलला एक रिक्षावाला वळून बघत होता.

घरी पोचले तेव्हा आप्पा गोठ्यात धार काढत होते.

म्हशी बाळगणाऱ्या घरात एक नियम असतो. धार चालू असताना गोठ्यात आवाज चढवायचा नाही. म्हैस बिचकली की पान्हा चोरते, मग कितीही गोंजारा, कासेत दूध असून ते खाली उतरत नाही. लहानपणापासून हे अंगात इतकं भिनलं आहे की घराला आग लागली तरी आम्ही गोठ्यात कुजबुजतच सांगू. मी दारातल्या खांबाला टेकून उभी राहिले. तोंडात आलेलं सगळं तिथंच अडकलं.

आप्पांची माझ्याकडं पाठ होती. चरवी गुडघ्यांत धरलेली, डोकं म्हशीच्या बरगडीला टेकवलेलं. दोन्ही हात एकसारखे वर-खाली होत होते. पूर्वी ते दोन म्हशी पिळून उठले तरी बोटं चालूच असायची. आता मध्येच थांबत होते, उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत होते, बोटं झटकत होते. त्या हातांनी ते रोज दोन वेळा माझा पाय चोळत होते. हात दुखतात असं ते कधी बोलले नव्हते. मी कधी विचारलंही नव्हतं.

दूध फेसाळत वर येईपर्यंत मी उभी होते. राग गेला नाही, पण आवाज गेला.

"आप्पा," मी हळू म्हटलं, "डॉक्टरांकडं जाऊन आले."

हात थांबले. मग पुन्हा सुरू झाले.

"उजवा सदतीस होता. छत्तीस का सांगितला?"

"चामडं सोडतंय," ते म्हशीच्या बरगडीशीच बोलले. "सदतीसचा केला असता तर पुढच्या वर्साला ढगळ झाला असता."

"आणि डावा?"

म्हशीनं शेपटी हलवली, त्यांनी ती खांद्यानं बाजूला सारली.

"आप्पा, डावा?"

"बूट यायला लई दिवस लागतील, म्हणाली न्हवतीस का तू?" ते म्हणाले. "म्हटलं, तवर भरंल. आत्ताचं माप दिऊन काय करायचं? तुझं शाळंचं कपडं कसं शिवायचो, वाढत्या अंगाचं? बाह्या दुमडून घालायचीस. वरीस सरायच्या आत बसायचंच की."

मी चाळिशीला आलेली बाई, आणि हा माणूस माझ्या पायासाठी वाढत्या अंगाचे बूट शिवून घेत होता.

"डॉक्टर म्हणाले होते ना तुम्हाला, भरणार नाही म्हणून."

"म्हणालतं."

"मग?"

"त्येनला काय कळतंय," आप्पा म्हणाले, पण चामड्याबद्दल म्हणाले होते तसं नाही. त्या वाक्यात जोरच नव्हता. त्यांनी चरवी बाजूला ठेवली आणि तसेच उकिडवे बसून राहिले. मग म्हणाले, "घोड्यावर तुला मी बसिवली. तुझी आई नको म्हणत हुती. सगळी नको म्हणत हुती. मीच बसिवली. मग ह्यो पाय कुणी भरायचा?"

त्यांचे खांदे हलत होते. आप्पांना मी रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही धड पाहिलं नाही, कारण ते म्हशीकडंच तोंड करून बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही. आमच्या घरात कुणी कुणाला जवळ घेत नाही. मी चरवी उचलली आणि म्हटलं, "दूध आत नेते. हात धुऊन या. माप परत पाठवायचं आहे."

"तूच घे की," ते म्हणाले. "आता मला कशाला?"

"स्वतःचं घ्यायचं नसतं. दुसऱ्याकडून घ्यायचं, असं त्यांनी लिहिलंय."

आप्पा आले. तीच खुर्ची, तीच टेप. आई दाराशी उभी राहिली. तिला सगळं आधीपासून माहीत होतं हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. मी ताठ बसले, पण या खेपेला कॅलेंडरकडं पाहिलं नाही. माझ्या पायाकडं आणि त्यांच्या हातांकडं पाहत राहिले. उजवा पाय झाला, सदतीस, त्यांनी स्पष्ट सांगितला. डाव्या पोटरीभोवती टेप गुंडाळून त्यांनी दोन्ही टोकं बोटात धरली. चष्मा वर केला, खाली केला. आकडा मला वरून दिसत होता. मी तो लिहू शकले असते. पण मी थांबले.

"एकतीस," आप्पा म्हणाले.

मी लिहिलं.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"त्यात काय वाढवू नगंस आता," असं म्हणून त्यांनी टेप गुंडाळली आणि आईच्या हातात दिली.

बाईंना मी माफीचा ईमेल पाठवला. माप वडिलांनी घेतलं होतं आणि त्यांनी ते थोडं पुढचं सांगितलं, असं लिहिलं. याहून जास्त मला इंग्रजीत सांगता आलं नसतं. बूट परत गेले, दुरुस्त होऊन आले. डावी नळी अरुंद झाली, उजवी सैलावली. दोन बूट शेजारी ठेवले की कुणालाही फरक दिसतो. रायडिंग स्कूलमधली मुलं विचारतात, मी सांगते. घोडा अजून एकदाही विचारत बसलेला नाही. त्याला डावी पोटरी कळते, आणि तेवढं मला पुरतं.

पण सांगायची राहिली ती त्या मापानंतरची सकाळ. मी जागी होते. गोठ्यातून चरवीचा आवाज येऊन गेला, म्हणजे धारा झाल्या. आता आप्पा येणार नाहीत, असं मी मनाशी धरलं होतं. आता येऊन करणार काय? डॉक्टर बोलून गेले होते, मीही बोलून गेले होते, एकतीसचा आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. मी भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

स्टूल ओढल्याचा आवाज झाला. तेलाचा वास आला.

"आप्पा, आता कशाला?" मी म्हटलं. "भरणार नाही ना तो."

"भरणार न्हाय म्हणून पाय न्हाय व्हय ह्यो?"

मी पाय पुढं केला. त्यांनी घोट्यापासून वर, रोजच्यासारखा चोळला. शेवटी पोटरी मुठीत धरली, पण बघितली नाही, काही म्हणाले नाहीत. हात पुसून आता उठतील असं वाटलं, तर वाटीतलं उरलेलं तेल त्यांनी तळहातावर ओतून घेतलं.

"दुसरा आण हिकडं," ते म्हणाले. "सगळा भार त्योच वडतोय इतकं दिवस. त्येला कुणी इचारलंच न्हाय."

मी वळले आणि दोन्ही पाय त्यांच्यापुढं केले.